काटा शून्यावर

बाबांची जुनी व्हॅन उड्डाणपुलाच्या चढावर एकदा खोकली, पुन्हा एकदा खोकली आणि गप्प झाली. आई शेजारच्या सीटवर काळा चष्मा लावून बसली होती. दोघी मायलेकी डोळ्यांच्या दवाखान्यातून परत येत होत्या. उजव्या डोळ्यात नुकतंच इंजेक्शन झालेलं, त्यामुळे आईला समोरचं सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं. मागून हॉर्नचा नुसता कल्ला. थोरलीने किल्ली फिरवली, परत फिरवली.

"तिला जरा दम खाऊ दे," आई म्हणाली. "तुझे बाबा तिला दम खाऊ द्यायचे."

व्हॅनने दम खाल्ला तो कायमचाच. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, आत डोकावला, हात पुसले आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात तसं थोरलीला बाजूला नेलं. "खर्च करायचा तर करा," तो म्हणाला, "पण मी माझ्या बहिणीला हे सांगितलं नसतं." थोरलीने मान हलवली. अशाच आवाजात डॉक्टरांनी बाबांचं सांगितलं होतं, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं.

घरात दोनच मुलं, म्हणून ती थोरली आणि भाऊ धाकटा. दोघांना नावं होती, पण ती शाळेपुरती आणि सहीपुरती. बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे आणि अख्खा बाजार त्यांना काटेवाले म्हणायचा. त्यांच्या दुकानाचा एक नियम होता. संध्याकाळी शटर ओढण्याआधी सगळी पारडी रिकामी करायची आणि सगळे काटे शून्यावर आणायचे. रात्रभर भार राहिला तर स्प्रिंग थकते, ते म्हणायचे. पुढे पुढे हा नियम दुकानातून घरी आला आणि माणसांना लागू झाला. काटेवाल्यांनी कुणाचं देणं ठेवून कधी पाठ टेकली नाही. किराणावाल्याकडे त्यांचं खातं नव्हतं. ज्या दिवशी पैसे जमायचे त्या दिवशी वस्तू यायची, आणि जमले नाहीत तर ती वस्तू नकोशीच होती असं सगळ्यांनी मानायचं.

दुकान विकलं तेव्हा आईने एकच काटा घरी आणला. गोल तबकडीचा, पितळी पारड्याचा. तो स्वयंपाकघरात फ्रिजवर होता. घाईत कुणी त्याच्या पारड्यात किल्ल्या टाकल्या की आई ओरडायची, "उचल आधी! जीव आहे त्याला."

थोरलीचं काम कानाच्या यंत्रांचं. ऐकू किती येतं ते तपासायचं, यंत्र बसवायचं आणि मग वर्षानुवर्षं ते साफ करत, जुळवत राहायचं. म्हाताऱ्या माणसांना जिने उतरवत नाहीत, म्हणून तीच त्यांच्या घरी जायची. तपासणीची पेटी उचलायला जड, आणि बसच्या धक्क्यांनी ती बिघडते. व्हॅन गेल्यापासून तिने दोन भेटी पुढे ढकलल्या होत्या आणि तिसऱ्या घरच्यांनी दुसरं माणूस शोधलं होतं. शिवाय आईचा दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. गाडी हवी होती, यात वाद नव्हता.

वाद होता तो बाबांच्या मुदतठेवीचा. ती नुकतीच पुरी झाली होती. त्यात दुकानाचे आलेले पैसे मिळवले की छोट्या, साध्या गाडीची किंमत निघत होती. निघत होती म्हणजे पुरेपूर निघत होती, वर एक महिन्याचा किराणा राहील एवढंच.

शोरूममधला विक्रेता तरुण होता, आणि त्याचे नवे बूट त्याला चावत असावेत, कारण तो उभ्या उभ्या सारखा पाय बदलत होता. "रोख की कर्ज, ताई?" त्याने विचारलं. "खरं सांगू? रोख दिलेत तर तुम्हाला सूट आहे. कर्ज घेतलंत तर मला बक्षीस आहे. आता तुम्हीच ठरवा कुणाचं भलं करायचं ते."

थोरली हसली. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा हसली असावी. "शनिवारी सांगते," ती म्हणाली.

"शनिवारपर्यंत ही राखाडी ठेवतो. त्यानंतर माझ्या हातात नाही."

ती राखाडी गाडी काचेमागे उभी होती, अजून कुणाचीच नसलेली. थोरली तिच्या आत बसून बघते म्हणाली आणि लगेच उतरली. सीटवरचं प्लॅस्टिक फार वाजत होतं.

त्या संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. तो दूरच्या शहरात, हप्त्यांच्या घरात, हप्त्यांच्या गाडीसह सुखाने राहत होता. थोरलीने फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"ताई, सगळे पैसे एकदम ओतू नकोस," तो म्हणाला. "थोडे भर, बाकीचं कर्ज काढ. बँकवाल्यांनाही पोरंबाळं आहेत, त्यांना जरा व्याज मिळू दे."

"तू गप्प बस," आई म्हणाली. "तुझ्या हप्त्यांची नावं ऐकूनच माझी छाती धडधडते. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, त्या भिंतीएवढ्या टीव्हीचा हप्ता. उद्या बायकोचाही हप्ता आहे म्हणशील."

"तिचा तर आयुष्यभराचा आहे गं."

मागून सुनेचा आवाज आला, "ऐकू येतंय मला!"

आई हसली, पण मुद्दा सोडला नाही. "अंथरूण पाहून पाय पसरावेत. आपलं अंथरूण पुरतंय ना? मग दुसऱ्याची चादर कशाला ओढायची? तुझ्या बाबांनी कधी भार ठेवून रात्र काढली नाही."

"आई, बाबांचं ठीक होतं," धाकटा म्हणाला आणि थांबला. मग तो हवापाण्याचं बोलला.

खरं तर थोरलीचं मनही रोखीकडेच होतं. तिने कागदावर दोन्ही बाजू मांडून पाहिल्या होत्या. कर्ज घेतलं तर दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता. तिची कमाई मात्र तारीख बघून येत नव्हती. एखाद्या महिन्यात चार यंत्रं बसायची, एखाद्या महिन्यात नुसत्या बॅटऱ्या विकल्या जायच्या. पाच तारीख आली आणि हात रिकामा असला तर? या एका विचाराने तिच्या पोटात गोळा यायचा आणि जेवणभर तसाच बसून राहायचा. रोख दिले तर हा गोळा नाही. पण मग खात्यात काहीच नाही, आणि काहीच नाही म्हटलं की दुसरा गोळा यायचा, जरा वर, बरगड्यांच्या खाली. त्या दोन गोळ्यांमध्ये तिचा आठवडा चालला होता.

शिवाय एक गोष्ट होती, ती तिने कुणाला बोलून दाखवली नव्हती. तिचं तपासणीचं यंत्र, जिच्यावर तिचं पोट होतं ती पेटी, बाबांनी घेऊन दिली होती. तिने स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा ती बँकेचे कागद घेऊन बसली होती. बाबांनी ते कागद हळूच तिच्या हातातून काढून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सगळी रक्कम आणून दिली. "पहिल्याच दिवशी भार घेऊन उभी राहू नकोस," ते म्हणाले होते. तो त्यांचा चेहरा तिला स्पष्ट आठवत होता. त्यानंतर वर्षभरात त्यांची छाती दुखली आणि ते गेले. त्यांच्या पैशाची गाडी कर्जावर घ्यायची म्हणजे त्यांच्या माघारी त्यांच्याशी वाद घालण्यासारखं होतं. ते जिवंत असताना ती त्यांच्याशी वाद घालायची. आता ते बरं वाटत नव्हतं.

"गुरुवारी तुझी तपासणी आहे ना?" तिने आईला विचारलं. "किती वाजता? टॅक्सी सांगून ठेवते."

"हो, हो," आई म्हणाली. "कळवतील ते."

मंगळवारी ती बसने, पेटी मांडीवर घेऊन, मास्तरांकडे गेली. मास्तर भूगोल शिकवायचे, आणि निवृत्त होऊन त्यांना इतकी वर्षं झाली होती की त्यांना पाठ असलेले काही देश आता नकाशावरच नव्हते. ते तिसऱ्या मजल्यावर राहायचे, लिफ्ट नव्हती. दार त्यांच्या सुनेने उघडलं.

"बघा बाई यांचं," सून म्हणाली. "माझं बोलणं सुरू झालं की यांची बॅटरी संपते. शेजारी दूध उतू गेलेलं मात्र ऐकू येतं."

थोरली मास्तरांसमोर बसली. नेहमीची परीक्षा तिने सुरू केली. तोंडासमोर कागद धरायचा, म्हणजे ओठ वाचता येत नाहीत, आणि साधं काहीतरी विचारायचं. त्या दिवशी तिच्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. "मास्तर, गाडी रोख घ्यावी की कर्जाने?"

"हो, हो," मास्तर ताबडतोब म्हणाले.

"आमच्याकडे सगळे प्रश्न असेच सुटतात," सून म्हणाली.

थोरलीने यंत्र काढलं, भिंगाखाली धरलं. बॅटरी ठीक होती. कानात जाणारी बारीक नळी मळाने बंद झाली होती आणि तिच्या टोकाला चीर गेली होती. तिने नवी नळी मापाने कापली, बसवली, यंत्र पुन्हा कानावर चढवलं आणि तोच प्रश्न कागदाआडून विचारला.

मास्तर दचकले. "कसली गाडी? कुणाची?" ते म्हणाले. मग सुनेकडे वळून, "आणि दूध मी एकदाच म्हटलं होतं. रोज रोज काय त्याचं?"

सगळे हसले. पण जिना उतरताना थोरलीचं हसू दुसऱ्या मजल्यावरच संपलं. ज्यांना ऐकू येत नाही ते लवकर 'हो' म्हणतात. हे तिला तिच्या धंद्याने शिकवलं होतं. ऐकू आलेला माणूस क्षणभर थांबतो, विचार करतो. घाईचं 'हो' म्हणजे प्रश्न आत पोचलेला नाही, किंवा पोचला आहे आणि माणसाला तो बाहेर ढकलायचा आहे. आईचे कान तर चांगले होते.

तिने जिन्यातच उभं राहून दवाखान्यात फोन लावला.

"गुरुवारची वेळ?" तिकडची बाई कागद चाळत म्हणाली. "पण ती तर रद्द झाली. आजींनी स्वतः फोन केला होता. गाडीचं झालं की येते म्हणाल्या. मी म्हटलं, आजी, असं थांबून चालत नाही, आता दोन्ही डोळ्यांना द्यायचं आहे."

"दोन्ही?"

पलीकडचा कागदांचा आवाज थांबला. "डावाही सुरू करायचा आहे ना. डॉक्टर मागच्या वेळी बोलले त्यांच्याशी. तुम्ही नव्हता का आत?"

थोरली आत नव्हती. थोरली तेव्हा बाबांची व्हॅन लावायला जागा शोधत दवाखान्याभोवती फिरत होती.

"थांबलं तर काय होतं?" तिने विचारलं.

"मी डॉक्टर नाही," बाई म्हणाली. "पण गेलेली नजर परत आणायचं औषध आमच्याकडे नाही, एवढं मी रोज ऐकते."

बसमध्ये तिला जागा मिळाली, तरी ती उभीच राहिली. दोन डोळे, म्हणजे दर महिन्याला दुप्पट खर्च, आणि किती महिने हे कुणालाच माहीत नाही. तिने मनातल्या मनात राखाडी गाडीची किंमत ठेवीतून वजा केली आणि उरलेल्या किराण्याच्या पैशांत एक डोळाही बसेना. काल हे गणित फक्त तिचं होतं. आईने ते आधीच सोडवून ठेवलं होतं, आणि उत्तर जुळावं म्हणून स्वतःचा डोळा खोडून टाकला होता.

ती घरी पोचली तेव्हा आई स्वयंपाकघरात मटार सोलत होती. न बघता, बोटांनी. एक दाणा घरंगळून टेबलाखाली गेला. आईने तो शोधला नाही. आधीच्या आईने शोधला असता.

"डावा डोळा कसा आहे?" थोरलीने विचारलं.

आईची बोटं थांबली. या वेळी ती 'हो' म्हणाली नाही.

"त्या बाईला पोटात काही ठेवता येत नाही वाटतं," ती म्हणाली.

"आई."

"अगं, एक-दोन महिन्यांनी काय बिघडतंय? एकदा गाडी होऊ दे. तू कामाला लागलीस की चार पैसे येतीलच. मग करू की डोळ्यांचं. पळून चाललेत का ते?"

"चाललेत. तेच सांगितलं ना डॉक्टरांनी तुला?"

"डॉक्टर घाबरवतातच. त्यांचा धंदा आहे तो." आईने शेंग मोडली, ती रिकामी निघाली. "आणि माणूस एखादी गोष्ट मागे टाकतोच की. मोठी वस्तू घरात येताना घरातलं कुणीतरी थोडं थांबतं. तुझ्या मशीनच्या वेळी तुझे बाबा नाही का..."

ती थांबली. रिकामी शेंग हातातच राहिली.

"बाबा नाही का काय?"

आईने शेंग खाली ठेवली, उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"आई, बाबा काय?"

"त्यांना तेव्हाच दुखायला लागलं होतं," आई म्हणाली. "चढ चढताना. डॉक्टर म्हणाले होते, मोठी तपासणी करून घ्या. खर्चाची होती. हे म्हणाले, थोरलीचं मशीन आधी, तपासणी पुढच्या वर्षी. मी म्हटलं, थोडं कर्ज घेऊ. तर म्हणाले, छातीवर आधीच एक भार आहे, दुसरा कुठे ठेवू?" ती किंचित हसली, कारण त्यांनी हे हसत म्हटलं असणार. "तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. मी मूग गिळून बसले. मलाही वाटलं, एक वर्षाने काय होतंय."

तपासणीची पेटी थोरलीच्या पायाशी होती, तिने बसमधून ती छातीशी धरून आणली होती. तिला ती पेटी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवावीशी वाटली आणि हलताही येईना. फ्रिजवरच्या काट्याचं पारडं रिकामं होतं. सुई बरोबर शून्यावर.

"बाबा गेले तेव्हा कुणाचं देणं नव्हतं," थोरली म्हणाली.

"एक पैशाचं नाही," आई म्हणाली. सवयीने, अभिमानाने. आणि मग तिने मुलीच्या चेहऱ्याकडे पाहायचा प्रयत्न केला. तिला किती दिसलं कोण जाणे.

"शून्यावर तर रिकामा काटाही असतो, आई."

आईने ओंजळीने मटार भांड्यात ढकलले. तिचे डोळे पुसायला थोरली पुढे झाली, तर आई म्हणाली, "चोळू नको. डॉक्टरांनी चोळायचं नाही सांगितलंय."

"एवढं बरं ऐकलंस डॉक्टरांचं."

"टोमणे बाबांसारखेच मारतेस," आई म्हणाली आणि पदराऐवजी कागदी रुमाल शोधू लागली.

रद्द केलेली वेळ पुन्हा मागून घेऊन गुरुवारी दोघी टॅक्सीने दवाखान्यात गेल्या. थोरली या वेळी आत गेली, डॉक्टरांसमोर बसली आणि सगळं ऐकलं. वाईट होतं, पण वेळ गेलेली नव्हती.

शनिवारी ती आईला घेऊन शोरूममध्ये गेली. थोडे रोख, बाकीचं कर्ज. ठेवीतला मोठा वाटा दुसऱ्या खात्यात, डोळ्यांच्या नावाने. विक्रेत्याचे बूट आता पायाला बसले होते. "म्हणजे शेवटी माझंच भलं केलंत," तो म्हणाला आणि त्याने चटकन कागद पुढे सरकवले. जामीनदार म्हणून आईची सही हवी होती. थोरलीने आईचं बोट जागेवर नेऊन ठेवलं. आईने पेन हातात घेतलं आणि विचारलं, "किती वर्षं?"

"पाच."

"देवा," आई म्हणाली, आणि सही केली. सही रेघेच्या बरीच खाली गेली. चालेल, असं विक्रेता म्हणाला.

गाडी हातात आली त्या दिवशी घरी येताना थोरली फार हळू चालवत होती. मागचे लोक हॉर्न वाजवत पुढे निघून जात होते. सीटवरचं प्लॅस्टिक आईने काढू दिलं नव्हतं, ते प्रत्येक वळणाला वाजत होतं. गोळा होताच. पाच तारखेचा गोळा, पोटातला, ओळखीचा. वरचा, बरगड्यांखालचा, थोडा सैल झाला होता एवढंच. रोख दिले असते तर सूट मिळाली असती, हा हिशोबही मधूनच डोकं वर काढत होता. या महिन्यात एकच यंत्र बसलं होतं. मास्तरांच्या नळीचे पैसे ते किती ते.

घरात शिरल्यावर तिने पिशव्या उतरवल्या, पंखा लावला, आईला थेंब घालायला बसवलं आणि हात मोकळा करायला किल्ली कुठेतरी ठेवली. थेंब घालून झाल्यावर तिच्या लक्षात आलं कुठे ते.

आई डोळे मिटून बसली होती. "पारड्यात ठेवलीस ना काहीतरी?" ती म्हणाली. "आवाज आला."

"चुकून ठेवली. उचलते."

"काटा कुठे आहे?"

थोरलीने वाकून पाहिलं. "जरासा पुढे. फार नाही."

गालावर आलेला थेंब आईने बोटाने टिपला.

"असू दे," ती म्हणाली. "सकाळी मास्तरांकडे जायचंय म्हणालीस ना? पारड्यातच सापडेल."

"मास्तरांकडे नाही. नवं घर आहे. आजोबा आहेत एक, अजिबात ऐकू येत नाही म्हणे."

"मग यंत्र घेतील?"

"माहीत नाही, आई."

"घेतील," आई घाईने म्हणाली, आणि मग डोळे मिटलेलेच ठेवून, जरा थांबून, "घेतील का गं?"